तिसऱ्या क्रमांकाचा सामना

हॉकी या विषयावर पारोळ्याच्या एका निवृत्त शिक्षकाने बोलावे, यात थोडा आगाऊपणा आहे, हे मी आरंभीच कबूल करून टाकतो. आमच्या गावात कुस्ती आहे, खोखो आहे, कबड्डी आहे, आणि क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. हॉकीची काठी मात्र वयाची तिशी उलटेपर्यंत मी हातात धरलेली नव्हती. माझी हॉकी ही कानांची हॉकी. १९७५ सालच्या मार्च महिन्यात क्वालालंपूर येथे विश्वचषकाचे सामने चालू होते, आणि इकडे मी मॅट्रिकच्या परीक्षेची तयारी करीत होतो. म्हणजे पुस्तक मांडीवर होते आणि कान शेजारच्या रेडिओकडे होते. जसदेव सिंग यांच्या वाणीतून चेंडू असा काही धावे की तो डोळ्यांना दिसत नाही याची आठवणही राहू नये. उपांत्य सामन्यात मलेशियाने आपल्याला १-२ असे मागे टाकलेले; वेळ संपत आलेली; अशा वेळी अस्लम शेर खान हा बदली खेळाडू मैदानात आला आणि त्याने बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंगाने विजयाचा गोल केला. पुढे १५ मार्चला पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळून चषक आपला झाला. त्या दिवसापासून मी या खेळाचा भक्त झालो तो झालोच.

परंतु आज मला अजिंक्यपदाविषयी बोलावयाचे नाही. अजिंक्यपदाचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते ज्याला कोणी फारसे विचारीत नाही अशा सामन्याविषयी. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याविषयी.

बाद फेरीची रचना आपणांस ठाऊक आहेच. आठ संघांचे चार होतात, चारांचे दोन होतात, आणि दोहोंतून एक अजिंक्य ठरतो. क्रिकेटच्या विश्वचषकात उपांत्य सामना हरलेला संघ सामान बांधून घरचा रस्ता धरतो. ऑलिंपिकच्या हॉकीत मात्र त्याला ही मुभा नाही. उपांत्य सामन्यात हरलेल्या दोघांना एकदोन दिवसांत पुन्हा मैदानात उतरावे लागते आणि कांस्यपदकासाठी एकमेकांशी झुंजावे लागते. वरकरणी ही गोष्ट साधी दिसते. परंतु त्या खेळाडूंच्या मनाचा विचार करा. चार वर्षे उराशी बाळगलेले सुवर्णाचे स्वप्न परवा भंगले आहे. अंगात थकवा आहे, मनात चुका घोळत आहेत. अंतिम सामना खेळणाऱ्याला आशा तरी ओढून नेते. याला कोण नेणार?

टोकियोचे ऑलिंपिक साथीमुळे एक वर्ष लांबून २०२१ साली भरले. साखळीत ऑस्ट्रेलियाने आपल्या संघाला ७-१ असे धुऊन काढले, तेव्हा अनेकांनी दूरचित्रवाणी बंद केली. पण मनप्रीत सिंगाच्या त्या संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि उपउपांत्य सामन्यात ग्रेट ब्रिटनला ३-१ असे हरविले. ३ ऑगस्टला बेल्जियमशी गाठ पडली. तिसऱ्या सत्राअखेर दोन्ही बाजू २-२ अशा बरोबरीत होत्या. शेवटच्या पंधरा मिनिटांत मात्र बेल्जियमने तीन गोल चढविले. हेंड्रिक्स या त्यांच्या एकट्या खेळाडूचेच त्या सामन्यात तीन गोल होते.

तिसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता जर्मनीविरुद्धचा सामना होता. मी साडेसहापासूनच तयार होऊन बसलो. सौभाग्यवतींनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, सोन्याचं तर गेलं, आता कशाला जीव टांगणीला लावता?” मी काही बोललो नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला का नव्हता, ते पुढे सांगतो.

दुसऱ्याच मिनिटास जर्मनीचा गोल झाला. आपण बरोबरी केली. मग पाठोपाठ दोन गोल होऊन जर्मनी ३-१ अशी पुढे गेली. चहा तसाच थंड झाला. त्यानंतर जे घडले ते पाहताना मला क्वालालंपूरचा रेडिओ आठवला. हार्दिक सिंग, हरमनप्रीत सिंग, रूपिंदरपाल सिंग आणि सिमरनजीत सिंग यांनी सात-आठ मिनिटांच्या खेळात चार गोल केले; ३-१ चे ३-५ झाले. अखेरच्या सत्रात जर्मनीने एक गोल फेडला. सामना संपावयास अवघे सहा सेकंद उरले असता त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नरमध्ये चेंडू गोलरेषेवरून आत ढकलला जातो, वर्तुळाच्या कडेला अडविला जातो, आणि तेथून गोलावर वेगाने हाणला जातो. रक्षणास गोलरक्षक धरून पाचच माणसे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागतो. त्या सहा सेकंदांत श्रीजेशने तो फटका अडविला आणि ५-४ असा विजय आपल्या पदरात पडला. १९८० च्या मॉस्कोनंतर एक्केचाळीस वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक घरी आले. श्रीजेश गोलाच्या चौकटीवर जाऊन बसला. ज्या चौकटीची त्याने वर्षानुवर्षे राखण केली, तिच्याच माथ्यावर!

पुन्हा तीच कसोटी २०२४ साली पॅरिस येथे लागली. ४ ऑगस्टचा ग्रेट ब्रिटनविरुद्धचा सामना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सतराव्या मिनिटास अमित रोहिदास याला लाल पत्रक दाखवून बाहेर काढण्यात आले, आणि उरलेली सुमारे त्रेचाळीस मिनिटे दहा खेळाडूंनी अकरांशी झुंज दिली. सामना १-१ असा सुटला. मग शूटआऊट झाले; त्यात तेवीस मीटरांवरून एकेक खेळाडू चेंडू घेऊन गोलरक्षकावर चालून जातो आणि त्याला आठ सेकंदांचा अवधी असतो. तेथे ४-२ असा आपला जय झाला. परंतु ६ तारखेस जर्मनीने ३-२ असे हरविले. निर्णायक गोल सामना संपावयास सहा मिनिटे असताना झाला. निलंबनामुळे रोहिदास त्या दिवशी खेळूही शकला नाही. दोनच दिवसांनी, ८ ऑगस्टला, स्पेनने पहिला गोल केला. हरमनप्रीतने मध्यंतराच्या किंचित आधी एक आणि मध्यंतर होताच दुसरा असे दोन गोल करून २-१ असा सामना जिंकून दिला. श्रीजेशचा तो अखेरचा सामना. या स्पर्धेनंतर निवृत्त होण्याचे त्याने आधीच जाहीर केले होते. कारकीर्दीचा शेवट त्याने पराभवाच्या हाती सोपविला नाही.

आता येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. १९२८ पासून १९५६ पर्यंत सलग सहा सुवर्णपदके जिंकणाऱ्या देशाने कांस्यावर दिवाळी साजरी करावी, ही प्रगती की अधोगती? माझ्या वयाच्या हॉकीभक्तांत हा प्रश्न हटकून निघतो. त्याला उत्तर म्हणून मी दोन जुनी पदके पुढे ठेवतो. १९६८ साली मेक्सिकोत आपण उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १-२ असे हरलो आणि पश्चिम जर्मनीला २-१ असे नमवून तिसरे आलो. १९७२ साली म्युनिकला पाकिस्तानने ०-२ असे हरविले, आणि नेदरलँड्सवर २-१ असा विजय मिळवून आपण पुन्हा तिसरे आलो. धातू तोच, झुंज तशीच. परंतु त्या दोन्ही पदकांकडे देशाने लाजिरवाण्या वस्तूकडे पाहावे तसे पाहिले. सोने नाही तर काहीच नाही, असा आमचा बाणा! मग १९७६ साली माँट्रियलला कृत्रिम हिरवळीवर आपण सातवे आलो. २००८ साली चिलीतील सांतियागो येथे हरून ऑलिंपिकची पात्रताच गमावली. २०१२ साली लंडनमध्ये बारा संघांत बारावे आलो. ज्या पायरीला आम्ही तुच्छ लेखले, तिच्याखाली केवढी खोली आहे ते तेव्हा कळले.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर खडकीच्या धनराज पिल्लेचे उदाहरण पाहा. मोडक्या काठ्या दोरीने बांधून ज्याने खेळाची धुळाक्षरे गिरविली, तो चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ साली त्याच्या नेतृत्वाखाली आशियाई सुवर्ण मिळाले. पण ऑलिंपिकचे पदक त्याच्या गळ्यात कधी पडले नाही. २००० साली सिडनीत पोलंडने अखेरच्या दोन मिनिटांत १-१ अशी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरीचे दार मिटले. आम्ही ज्याला दुय्यम म्हणतो तो तिसऱ्या क्रमांकाचा सामना धनराजसारख्या खेळाडूला चार ऑलिंपिकांत एकदाही लाभला नाही. उलट १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा गोळेश्वरच्या मंडळींनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. त्याच हेलसिंकीत हॉकीचे सुवर्ण होते. तरी त्या शेतकऱ्यांनी धातूची किंमत विचारली नाही, माणसाची पारख केली.

आता माझी गोष्ट.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी शाळेचा खोखोचा संघ घेऊन जिल्ह्याच्या स्पर्धेस जळगावला गेलो होतो. आमची पोरे अनपेक्षितपणे उपांत्य सामन्यापर्यंत पोचली आणि तेथे अवघ्या एका गुणाने हरली. दुपारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. मी मनातून खट्टू झालेलो. संयोजकांना म्हणालो, “आता कशासाठी उन्हात राबायचे? आम्ही जातो.” सही करून दिली आणि मुलांना घेऊन एस.टी. गाठली. एरंडोल येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. तेव्हा खोखोत नऊ गडी खेळत आणि तीन राखीव असत. त्या तिघांतला एक मुलगा माझ्या शेजारी बसला होता. संबंध स्पर्धेत त्याला एकदाही मैदानात उतरावयास मिळाले नव्हते. दुपारी त्याला खेळवीन असे मीच सकाळी म्हटले होते. एरंडोल सुटल्यावर त्याने हळूच विचारले, “गुरुजी, आपण काबर नही खेळनूत?” मी त्याला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही; याचा अर्थ ते उत्तर नव्हतेच.

त्या स्पर्धेत आमचा संघ चौथा ठरला. टोकियोत आपल्या मुलींचा हॉकी संघही चौथाच आला. ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ अशी आघाडी घेऊन, अखेर ग्रेट ब्रिटनकडून ३-४ असा हरून. दोन्हीकडे क्रमांक चौथाच. परंतु खेळून चौथे येणे आणि न खेळता चौथे येणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्या मुली रडल्या तरी त्यांना कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. आमच्या पोरांची मान मी खाली घातली होती, आणि तेही त्यांना न विचारता.

टोकियोच्या विजयानंतर आठवड्याने तोच राखीव गडी बाजारात भेटला. आता तो शेती पाहतो. डोक्याचे केसही पांढरे होऊ लागले आहेत. हसून म्हणाला, “गुरुजी, पाहिलं ना? तिसरा नंबर आणला पोरांनी!” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

श्रोतेहो, आपल्या घरात परीक्षेला बसणारी मुले आहेत, नोकरीच्या मुलाखतीहून परतणारे तरुण आहेत. मोठी संधी हुकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे लहानशी संधी उभी राहते, तेव्हा आपण वडीलधारी माणसेच पुष्कळदा म्हणतो, “आता त्यात काय राहिले आहे!” सोन्याची आस जरूर धरावी, तिच्यावाचून कांस्यही मिळत नाही. पण सोने गेल्यावर मैदान सोडण्याचा सल्ला मुलांना देऊ नये. मी तो एकदा दिला आहे, आणि त्या एस.टी.तील प्रश्नाचे उत्तर देण्यास मला तीस वर्षे लागली.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या सकाळी दिले नाही. श्रीजेशने तो शेवटचा फटका अडविला, तेव्हा त्यांनी स्वतःच थंड झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा करून आणला. त्यांना उत्तर मिळाले असावे.