सुवर्णपदकाचे मोल

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सव म्हटला की सोन्याची आठवण ओघानेच येते. एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की स्मृतिपदक काढावे, अशी सूचना कोणत्या ना कोणत्या सभेत होतेच. पदक निघते, मखमली पेटीत घालून, सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रासह घरी येते आणि तिजोरीत जाऊन बसते. पंचवीस-तीस वर्षांनी घरातील कर्ता पुरुष निवर्ततो. मुले किंवा पत्नी ती पेटी घेऊन सराफाच्या पेढीवर जातात. सराफ पेटी बाजूला ठेवतो, प्रमाणपत्र न वाचताच परत करतो, पदकाचे वजन करतो, टंच काढतो आणि मोडीचा भाव सांगतो. कुटुंबाला वाटते, आपण नाडलो गेलो. बहुतेक वेळा सराफाचे काही चुकलेले नसते. चुकलेली असते ती पदक घेताना बाळगलेली अपेक्षा. ही अपेक्षा कोठून येते आणि ती केव्हा खरी ठरते, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रत्येक सुवर्णपदकाला तीन किमती असतात. पहिली धातूची, म्हणजे त्यातील शुद्ध सोन्याचा त्या दिवसाचा भाव. दुसरी विक्रीची, म्हणजे काढणाऱ्याने आकारलेली. तिच्यात ठसा कोरण्याचा खर्च, घडणावळ, पेटी, जाहिरात आणि नफा येतो. तिसरी संग्रहाची, म्हणजे ते पदकच हवे असणारा जाणकार धातूच्या वर जे देईल ती. पहिली किंमत बाजार रोज ठरवितो. दुसरी काढणारा एकदाच ठरवितो. तिसरी मात्र कोणी छापून देऊ शकत नाही. ती काळ आणि मागणी ठरविते. दुसरीलाच तिसरी मानणे, हे या व्यवहारातील सर्व मनस्तापाचे मूळ होय.

याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेत मिळाला. १९६४ मध्ये तेथील सरकारी खजिन्यातील अखेरचे चांदीचे डॉलर मिळविण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या. संग्रहाची ही ओढ ओळखून जोसेफ सीगेल या उद्योजकाने त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्यात खाजगी टाकसाळ काढली. तीच पुढे ‘फ्रँकलिन मिंट’ या नावाने प्रसिद्धीस आली. अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीचे मुख्य उत्कीर्णक गिलरॉय रॉबर्ट्‌स, ज्यांनी केनेडींच्या अर्ध्या डॉलरवरील मुखचित्र घडविले होते, ते सरकारी पद सोडून या टाकसाळीत आले. काम खरोखरच उत्तम होते. पदकांच्या मालिका दरमहा वर्गणीने विकल्या जात. अमेरिकेच्या इतिहासावरील एक मालिका तर दोनशे पदकांची होती. त्या देशात १९३३ पासून १९७४ च्या अखेरपर्यंत सामान्य नागरिकास सोने बाळगण्यावर निर्बंध होते, म्हणून या टाकसाळीचा मुख्य व्यापार चांदीवर उभा राहिला. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष सोन्यासही तंतोतंत लागू पडतो.

‘मर्यादित आवृत्ती’ हा या व्यापाराचा परवलीचा शब्द होता. मर्यादा कशी ठरे, हे पाहण्यासारखे आहे. अनेक मालिकांसाठी अखेरची तारीख जाहीर होई. त्या तारखेपर्यंत जितक्या मागण्या येतील तितकी पदके पाडली जात आणि मग ठसे नष्ट केले जात. म्हणजे ज्याला ज्याला पदक हवे होते, त्या प्रत्येकाला ते मिळालेले असे. आवृत्ती संपली त्याच दिवशी मागणीही संपली. पुढे ते विकायला काढणारे हजारो आणि घेणारे मोजके, अशी स्थिती झाली. १९७८ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्‌स’ या कार्यक्रमाने ही पदके परत विकू पाहणाऱ्यांना विक्रीच्या किमतीहून कितीतरी कमी पैसे मिळतात, हे देशापुढे मांडले आणि संग्राहकांचा विश्वास डळमळला.

यानंतर घडले ते अधिक बोलके आहे. १९७१ मध्ये औंसाला दोन डॉलरांच्या आत असलेली चांदी १९८० च्या जानेवारीत पन्नास डॉलरांच्या घरात गेली. लोकांनी पदकांचे संच पेट्यांसह आणून आटणीला घातले. ज्यांना संग्राहकाने विचारले नव्हते, त्यांना आटणीवाल्याने चांगले पैसे दिले. पदकावरील कोरीव काम, मालिकेचा क्रमांक, प्रमाणपत्र यांपैकी कशाचेही मोल झाले नाही. तारले ते धातूने. जुनी पैठणी केवळ तिच्या जरीतील चांदीसाठी घेणारा व्यापारी वीण आणि पदर पाहत नाही, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की चांगल्या पैठणीला ती नेसणारी गिऱ्हाईक मिळते. या पदकांना मिळाली नाही.

युरोपात मात्र सुवर्णपदकांचा व्यापार उघड चालला. २४ जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांचे निधन झाले आणि त्यांची स्मृती म्हणून ब्रिटन व युरोपातील खाजगी टाकसाळींनी निरनिराळ्या आकारांची सुवर्णपदके काढली. त्या काळी सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो चार हजार डॉलरांवर गेला. ज्या घरात चर्चिलचे सुवर्णपदक राहिले, त्या घराचे भले झाले यात शंका नाही. परंतु तितक्याच वजनाची साधी लगड ठेवली असती तरी ते भले झाले असतेच. सोन्याच्या पदकाची हीच गंमत आहे. धातूचा भाव वाढत गेला की विक्रीच्या वेळी दिलेली जादा रक्कम त्याखाली झाकली जाते आणि ‘पदक वाढले’ असा समज होतो. वाढलेले असते ते सोने.

सोने सदैव वाढतेच असेही नाही. १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलर झालेले सोने १९९९ मध्ये अडीचशेच्या आसपास उतरले आणि पुन्हा ८५० पाहण्यास २००८ साल उजाडले. त्या अठ्ठावीस वर्षांत ज्याने चढ्या भावाचे सोने आणि वर पदकाची घडणावळ असे दोन्ही भरले होते, त्याला दुहेरी झळ बसली.

आता थोडा हिशेब. पदकातील सोन्याची किंमत १०० रुपये धरू. काढणाऱ्याने खर्च व नफा मिळून ४० टक्के अधिक लावले, तर किंमत १४० रुपये झाली. त्यावर ३ टक्के जीएसटी धरता ग्राहकाने १४४ रुपये २० पैसे मोजले. तेच पदक मोडताना सराफाने ३ टक्के घट धरली, तर हाती ९७ रुपये आले. म्हणजे नुसते मुद्दल परत मिळण्यासाठी सोन्याचा भाव सुमारे ४९ टक्के वाढावा लागतो. साध्या सुवर्णनाण्यावर ५ टक्के अधिक आकार असेल, तर याच हिशेबाने साडेअकरा टक्के वाढ पुरते. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे स्मृतीची किंमत होय. ती जाणूनबुजून द्यावयास हरकत नाही; लग्नपत्रिकेवरचा खर्च कोणी परत मागत नाही. न कळता दिली, तर मात्र तो तोटा होतो.

मग खाजगी पदकाला संग्रहमूल्य कधी येतच नाही काय? येते, आणि कधी कधी अमाप येते. नोबेल पदक सरकारचे नव्हे. एका खाजगी प्रतिष्ठानाचे आहे. १९८० पासून ते १८ कॅरट सोन्याचे, वर शुद्ध सोन्याचा मुलामा दिलेले आणि सुमारे १७५ ग्रॅम वजनाचे असते. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांना १९६२ साली मिळालेले पदक २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात शुल्कासह ४७ लाख डॉलरांवर गेले. रशियन पत्रकार दिमित्री मुरातोव यांचे पदक २०२२ च्या जून महिन्यात १० कोटी ३५ लाख डॉलरांना विकले गेले. त्यातील सोने त्या दिवशीच्या भावाने दहा हजार डॉलरांचेही नव्हते. ती सारी रक्कम युद्धामुळे विस्थापित झालेल्या मुलांसाठी होती, म्हणून त्या आकड्यात बाजारभावापेक्षा दातृत्व अधिक आहे हेही ध्यानी घ्यावे. आणि २००४ च्या मार्चमध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले, तेव्हा देश हळहळला तो काही तोळे सोन्यासाठी नव्हे. पुढे नोबेल प्रतिष्ठानाने प्रतिकृती दिल्या. मूळ पदकाची जागा त्यांनी भरून आली नाही.

या उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. ही पदके कोणी विकत घेतलेली नव्हती. ती मिळविलेली होती. प्रत्येक पदकामागे एक व्यक्ती आणि एक कार्य उभे होते, आणि ते त्याच व्यक्तीचे होय याचा पुरावा होता. म्हणूनच घरात आजोबांना मिळालेले एखादे विद्यापीठाचे वा परिषदेचे सुवर्णपदक असेल, तर त्यावरील नाव, वर्ष, सोबतचे पत्र, समारंभाचे छायाचित्र, वर्तमानपत्रातील कात्रण हे सारे एकत्र जपावे. नाव कोरलेले पदक संग्राहकाला प्रिय असते.

दुसरे सूत्र मुंबईच्या सराफ बाजारात सापडते. जुन्या काळी तेथील नामांकित पेढ्यांनी आपला ठसा उमटवून तोळ्या-तोळ्याचे सोन्याचे तुकडे काढले. ते संग्रहासाठी नव्हतेच. लोक ते मोडत, आटवत, त्यांचे दागिने करीत. पुढे १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसास लगड बाळगण्याची मनाई झाली, आणि तो कायदा रद्द होण्यास १९९० साल उजाडले. या सर्वांतून जे थोडे तुकडे वाचले, त्यांच्या शोधात आज संग्राहक असतात. जे जपण्यासाठी काढले ते सर्वांनी जपले, म्हणून विपुल राहिले. जे वापरण्यासाठी काढले ते नाहीसे झाले, म्हणून दुर्मीळ झाले.

पुतळ्यांच्या माळेची कथाही अशीच बोधप्रद आहे. पुतळी ही मुळात व्हेनिसच्या ‘डुकाट’ या नाण्यावरून आली. १२८४ पासून १७९७ पर्यंत ते नाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचे राहिले. त्या सातत्यामुळेच दूरदेशी त्याचा विश्वास बसला. पुढे भारतीय सोनारांनी त्याच्या अनेक नकला घडविल्या. आजीच्या माळेत अस्सल व्हेनिसचे नाणे असेल, तर त्याला संग्राहक अधिक देऊ शकतो. सोनाराची पुतळी वजनावर जाते. आणि अस्सल नाण्यालाही कडी डाखलेली असेल, तर त्याचे संग्रहमूल्य उतरते. म्हणून माळ मोडण्यापूर्वी ती एकदा जाणकाराला दाखवावी.

येथे नाणे आणि पदक यांतील भेदही ध्यानी ठेवावा. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये पाच रुपयांचे, आणि २५५० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त २०२४ मध्ये शंभर रुपयांचे नाणे भारत सरकारने काढले. त्यांवर दर्शनी मूल्य आहे आणि त्यामागे राज्यसत्ता उभी आहे. खाजगी पदकावर रुपयांचा आकडा नसतो. ते चलन म्हणून काढण्याचा अधिकारही कोणास नाही.

पदक घेताना काही गोष्टी नीट पाहाव्यात. कस अंकांत लिहिलेला आहे काय, हे आधी पाहावे : ९१६ म्हणजे २२ कॅरट, ९८६ म्हणजे जुन्या डुकाटाच्या तोडीचे, आणि जुन्या ब्रिटिश पदकांवर दिसणारे ३७५ म्हणजे केवळ ९ कॅरट. ‘२४ कॅरट सोन्याने मढविलेले’ या शब्दांचा अर्थ आत चांदी किंवा तांबे आहे असा होतो. वजन ग्रॅममध्ये मागावे. पदकाचा व्यास मोठा असला म्हणजे सोने अधिक असे नाही. एकूण किती पदके पाडली, याचा निश्चित आकडा विचारावा. विकताना पदक घासून चकचकीत करू नये, पेटी व कागद वेगळे करू नयेत. लिलावाच्या यादीत मागितलेल्या किमतीवर विसंबू नये. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा भाव पाहावा, आणि त्यातून लिलावगृहाचे शुल्क वजा करावे.

अखेरीस संस्थांविषयी. कोणत्याही संस्थेने स्मृतिपदक अवश्य काढावे. पन्नास वर्षांची सेवा धातूवर कोरून ठेवण्याच्या योग्यतेची असते. परंतु ते देताना कस, वजन, पदकांची संख्या आणि धातूवरील जादा आकार हे चार आकडे प्रमाणपत्रावर छापावेत. जादा रक्कम दवाखान्यास वा शिष्यवृत्तीस जाणार असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. ‘पुढे याची किंमत वाढेल’ हे वाक्य मात्र कोठेही असू नये. मग तीस वर्षांनी एखादी विधवा भगिनी ती पेटी घेऊन पेढीवर गेली आणि सराफाने वजनाचा भाव सांगितला, तरी तिला संस्थेने फसविले असे वाटणार नाही. उरलेली रक्कम कोणत्या मुलाच्या शिक्षणाला लागली, हे तिला त्याच कागदावर वाचता येईल.

जय जिनेंद्र.