कार्ताझ : समुद्रावरचा परवाना



आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून मालाचे गलबत हाकारणाऱ्या नाखव्याला सोळाव्या शतकात वाऱ्याइतकीच एका कागदाची चिंता असे. त्या कागदाचे नाव कार्ताझ.

शब्द पोर्तुगीज खरा. परंतु त्याचे मूळ अरबी ‘किर्तास’ या शब्दात आहे आणि किर्तास आला ग्रीक ‘खार्तेस’ वरून. अर्थ एवढाच, की कागद! पोर्तुगीजांच्या हाती मात्र या साध्या कागदाचा समुद्रावरचा परवाना झाला. गलबत कोणाचे, केवढे, कोठे निघाले, त्यावर शस्त्रे किती, हे सारे त्यात नमूद असे. त्याचे शुल्क थोडे. पण त्यापायी पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. कार्ताझ नसेल तर गलबत व माल जप्त होई.

हा अधिकार आला कोठून? समुद्र सर्वांना खुला, हे तत्त्व युरोपात ठाऊक होते. पोर्तुगीज इतिहासकार बारुश याने ते मान्यही केले. परंतु ते युरोपाबाहेर लागू नाही, असे त्याचे म्हणणे! पुढे 1609 मध्ये ग्रोशियस या डच पंडिताने ‘मुक्त समुद्र’ हा ग्रंथ लिहून पोर्तुगीजांचा दावा खोडला. त्यात डच व्यापाराचा स्वार्थ होताच.

बरे, कागद जवळ असला म्हणजे तरी अभय होते काय? जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे ‘रहिमी’ हे जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी 1613 मध्ये सुरतेपाशी पकडले.

पुढे कान्होजी आंग्रे यांनीही कोकणच्या समुद्रात असाच परवाना सुरू केला. त्याला म्हणत दस्तक. फारसीत दस्त म्हणजे हात. आपल्या दस्तऐवजातलाही दस्त तोच. गंमत पाहा, ज्यांनी दोनशे वर्षे कार्ताझ विकले, तेच आंग्र्यांना चाचे म्हणू लागले! कागद तसाच, देणारा हात तेवढा बदलला होता.

1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कराराने किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाची सत्ता मानली आणि दूरचा खोल समुद्र सर्व राष्ट्रांना खुला ठेवला. जहाजांना कागदपत्रे आजही बाळगावी लागतात; परंतु ती जहाज कोणाचे हे सांगतात, वाट विकत देत नाहीत.

म्हणून इतिहासात परवाना हा शब्द भेटला, की तो कोणी दिला एवढेच विचारून थांबू नये. देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हेही विचारावे.