दोघांचा रोग, दोघांचा उपचार

१८३६ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेद दोने या वैद्यानें योनिस्रावांत एक चंचल, एकपेशीय जीव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. तोच ट्रायकोमोनास. त्याची बाधा शरीरसंबंधांतून होते. २०२० सालीं जगांत अंदाजें १५ कोटी ६० लक्ष लोकांना ती नव्यानें झाली.

स्त्रीला दुर्गंधीयुक्त स्राव, कंड व लघवीच्या वेळीं जळजळ असा त्रास होतो. पुष्कळ स्त्रियांना व बहुतेक पुरुषांना मात्र कांहींच जाणवत नाहीं. तरी ती क्षुल्लक नव्हे. अकालीं प्रसूति व अल्पवजनी मूल यांच्याशीं तिचा संबंध आढळतो, एच.आय.व्ही.चा धोकाहि तिच्यामुळें वाढतो.

मेट्रोनिडॅझोल या औषधानें ती बहुधा बरी होते. परंतु पत्नी औषध घेते आणि पति ‘मला काय झालें आहे?’ म्हणून स्वस्थ बसतो. मग गेलेला रोग त्याच वाटेनें परततो, आणि दोष मात्र तिच्या माथीं येतो. वास्तविक बाधा कित्येक महिने मूक राहूं शकते. ती कोणापासून आली, हें लक्षणांवरून ठरत नाहीं. यास्तव, श्रोतेहो, संशयापेक्षां तपासणी बरी. औषध वैद्याच्या सल्ल्यानें दोघांनींहि घ्यावें, आणि उपचार पुरा होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध टाळावा.