मातेचें ताट व मुलाचें आयुष्य



बाप्तिस्म्याच्या वहींत मुलाचें नांव चढतें, तेव्हां त्याच्या आयुष्याचा आरंभ झाला असें आपण समजतों. परंतु शरीराच्या घडणीचे नऊ महिने त्यापूर्वींच उलटलेले असतात. त्या महिन्यांत मातेस जें अन्न मिळालें वा न मिळालें, त्याचा परिणाम मुलाच्या पन्नाशींतही दिसूं शकतो, हेंच आज आम्हांस आपणांपुढें मांडावयाचें आहे.

इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून आरोग्यसेविका नवजात मुलांचीं वजनें वहींत टिपून ठेवीत. १९३० पर्यंत तेथें जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांचे सहकारी ह्यांनीं माग काढला आणि १९८९ सालीं दाखवून दिलें कीं, जन्मतः व वर्षाचे होतांना ज्यांचें वजन सर्वांत कमी होतें, त्यांत हृदयविकाराचे मृत्यु सर्वांत अधिक झाले.

हॉलंडांतील पुरावा ह्याहून दारुण आहे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें पश्चिम भागाची अन्नाची वाट रोखली. ॲम्स्टरडॅम शहरांत माणशीं रोजचा शिधा हजार उष्मांकांच्या खालीं गेला. ज्यांच्या माता गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत उपाशी राहिल्या, तीं मुलें जन्मतः वजनानें उणीं नव्हतीं. तरी पन्नाशीच्या सुमारास त्यांत हृदयरोग अधिक आढळला. ज्यांच्या मातांची उपासमार अखेरच्या महिन्यांत झाली, त्यांची साखर पचविण्याची शक्ति उणी आढळली.

असें कां व्हावें? अन्न अपुरें पडलें म्हणजे गर्भ मेंदूचा वांटा प्रथम राखतो व स्नायु, मूत्रपिंड, स्वादुपिंड ह्यांच्या वांट्यास उरलेलें येतें, असें शास्त्रज्ञ मानतात. पुढें भरपूर खाणें व बैठें काम आलें, कीं त्या अवयवांवर भार पडतो.

आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची पाहणी आरंभिली. तेथील बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो भरलें. ह्या कृश बालकांत स्नायु कमी, पण चरबी त्या मानानें टिकून होती. ज्या माता पालेभाज्या व फळें वारंवार खात, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर सून बसते; कालवणाचा तळ तिच्या वांट्यास येतो. बाळ मोठें झालें तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून तिचा घास मोजणाऱ्या वडील स्त्रियाही आहेत. ह्याचा दोष मातेवर ढकलूं नये. गर्भवतीनें सर्वांबरोबर जेवावें. डाळ, पालेभाजी, अंडें, मासळी व दूध ह्यांचा वांटा तिला प्रथम मिळावा. पाण्याचे हंडे दुसऱ्यांनीं उचलावे. गोडधोडाचा मारा मात्र नको. मातेच्या रक्तांतील साखर वाढली, तरी मुलास पुढें मधुमेहाचें भय असतेंच. रक्त तपासून घ्यावें व डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या चुकवूं नयेत.

कमी वजनानें जन्मलेल्यांनीं भिऊं नये. हा ललाटलेख नव्हे. मोजका आहार व अंगमेहनत ह्यांनीं धोका पुष्कळ कमी होतो.

ह्या महोत्सवांत आपण पुढील पंचवीस वर्षांचे संकल्प सोडीत आहों. त्या वर्षांत जन्मणाऱ्या बालकांचें आरोग्य पुष्कळ अंशीं आपल्या लेकीसुनांच्या ताटावर अवलंबून आहे, एवढें ध्यानीं धरावें, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.