पाण्याची कड

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी घरकाम सांभाळत असे. पदार्थविज्ञानाची ओढ होती, पण त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. तिने पत्र्याचे पसरट भांडे घेतले, काठोकाठ पाणी भरले आणि वर एक आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तेलकट थर एकवटतो आणि पृष्ठताण बदलतो, हे तिने मोजून दाखवले. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना तिने पत्र लिहिले. त्यांच्या शिफारशीने ते १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आले.

हा थर असतो एकाच रेणूच्या जाडीचा. डोके पाण्यात, शेपूट हवेत, असे रेणू शेजारी शेजारी उभे असतात. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी तो काचेवर उचलला. काच बुडवायची, सावकाश वर ओढायची. थर तिला चिकटून येतो. पुन्हा बुडवली की दुसरा थर.

२००० साली म्युन्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी अभ्रकाचा गुळगुळीत तुकडा अशाच थरातून वर ओढल्याचे प्रसिद्ध केले. रेणू होता डीपीपीसी. आपल्या फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणाऱ्या द्रवाचा हा मुख्य घटक. अभ्रकावर सलग थर आला नाही, पट्टे आले! सुमारे ८०० नॅनोमीटरचा दाट पट्टा, मग २०० नॅनोमीटरची विरळ पन्हळ, पुन्हा पट्टा. एका मिलिमीटरात अशा साधारण हजार जोड्या. साचा नाही, कोरणी नाही.

मग हे आखले कोणी? पाण्यावर हे रेणू सैल पसरलेले असतात. अभ्रकाजवळ येताच त्याच्या ओढीने ते दाटीने उभे राहतात. दाटी झाली की अभ्रकाशी टेकलेली पाण्याची कड हलते, आणि सैल रेणूंना वर चढायला वाव मिळतो. कड सावरते, पुन्हा दाटी होते. ओढण्याचा वेग एकसारखा असूनही कडेचा हा हेलकावा चालूच राहतो, आणि त्याची नोंद अभ्रकावर उमटते. वेग फार बदलला, तर पट्टेही हरवतात.

आज रात्री ताट धुतल्यावर ते जरा कलते धरा. ओघळ मध्येच अडेल, मग एकदम सरकेल. त्या अडण्या-सरकण्यात केवढी शिस्त दडलेली असू शकते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. आग्नेसची सुरुवात अशाच घरगुती पाण्यापासून झाली होती.