भंडारदऱ्याचे दोन दिवस

मेअखेरीस उकाडा नकोसा झाला की दोन दिवस काढून भंडारदऱ्याला जावं. इगतपुरीला उतरून घोटीमार्गे एसटीनं किंवा गाडीनं अकोले तालुक्यातल्या या गावी पोचता येतं.

प्रवरा नदीवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याभोवती रतनगड आणि 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर, म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर मात्र सावकाश पाहा. काळ्या दगडावरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात खुलून दिसतं.

रात्री काजवे! हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो नर एका लयीत लुकलुकतात आणि मादी त्यांना प्रतिसाद देते. पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड प्रकाश निर्माण होतो. अळीच्या रूपात अनेक महिने ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढलेल्या काजव्याला प्रौढपणी मिळतात ते थोडेच दिवस. त्यात आपण मोटारीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश मारले, तर त्यांच्या खुणा एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. झाडाखालची माती तुडवली की अंडीही चिरडली जातात. माझी कळकळीची विनंती आहे, गाडी लांब उभी करा आणि पायवाट सोडू नका. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. प्रवेशाच्या वेळा वनखात्याकडे आधी विचारून घ्या, आणि मुक्काम गावातल्याच एखाद्या घरी करा. नाचणीची भाकरी आणि पिठलं तिथं चुलीवरचं मिळतं.