शब्दास शब्दाचेच उत्तर : आद्य क्वेकरांचे पत्रकयुद्ध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्ही सतराव्या शतकातील इंग्लंडच्या एका लहानशा धर्मपंथाविषयी बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांस आश्चर्य वाटले असेल. परंतु ज्यांची संख्या थोडी, हाती सत्ता नाही आणि ज्यांच्याविषयी शेजाऱ्यांच्या मनात गैरसमज मात्र उदंड, अशा माणसांनी छापील शब्दाच्या बळावर आपले अस्तित्व कसे टिकविले, हा विषय केवळ इंग्लंडचा नाही. शिवाय प्रतिपक्षाशी वाद कसा घालावा, हा प्रश्न तर कोणत्याच काळी शिळा होत नाही.

प्रथम या मंडळींची ओळख करून घेऊ. जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरमधील एका विणकराचा मुलगा. जन्म १६२४ चा. तरुणपणी तो जोडे शिवण्याचे काम शिकला. त्याचे सांगणे थोडक्यात असे, की प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश आहे आणि तो पाहण्यास पुरोहिताच्या मध्यस्थीची गरज नाही. उपासनेसाठी सर्वांनी मौन धरून एकत्र बसावे, आणि ज्यास आतून प्रेरणा होईल त्याने अथवा तिने बोलावे. १६५० मध्ये डर्बी येथे ईश्वरनिंदेच्या आरोपावरून फॉक्स न्यायाधीशांपुढे उभा असता, 'ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा,' असे त्याने त्यांनाच बजावले. त्यावर बेनेट नावाच्या न्यायाधीशाने या लोकांस 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, असे हिणविले, अशी हकीकत फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात दिली आहे. हे लोक स्वतःस 'मित्र' म्हणवीत; परंतु चिकटले ते हेटाळणीचे नाव.

काळही विलक्षण होता. राजा आणि पार्लमेंट यांत १६४२ मध्ये युद्ध जुंपले आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. त्याआधी, १६४१ मध्येच, छापखान्यांवर धाक ठेवणारे 'स्टार चेंबर' हे राजाचे न्यायालय रद्द झाले होते. पुढे परवान्यांचे नवे हुकूम निघाले, तरी सुटलेला बांध पूर्वीसारखा बसला नाही. कागदाचा एक ताव दोनदा दुमडला की आठ पाने होतात. एवढ्यात एक पत्रक सहज मावे. जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळातील सुमारे २२,००० पत्रके व पुस्तिका जमवून ठेवल्या, यावरून त्या पुराची कल्पना यावी.

क्वेकरांनी हे साधन फार पद्धतशीरपणे वापरले. उत्तर इंग्लंडमधील स्वार्थमूर येथे मार्गारेट फेल या गृहिणीचे घर हे त्यांचे जणू टपालघर झाले. गावोगाव हिंडणाऱ्या प्रचारकांची पत्रे व हस्तलिखिते तिच्याकडे येत. लंडनमध्ये सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरानजीक दुकान असलेला जाइल्स कॅल्व्हर्ट त्यांतील पुष्कळ लेखन प्रसिद्ध करी. आणि छापलेली पत्रके प्रचारकांच्या हातून पुन्हा खेड्यापाड्यांत जात. खर्चासाठी केंडल येथे १६५४ मध्ये निधी उभारला गेला होता. याच मार्गारेट फेलने पुढे लँकेस्टरच्या तुरुंगात असता, स्त्रियांनी धर्मसभेत बोलणे शास्त्रसंमत आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ मध्ये प्रसिद्ध झाली.

विरोधकही काही सामान्य नव्हते. रिचर्ड बॅक्स्टरसारख्या विद्वान धर्मोपदेशकाने १६५५ मध्ये क्वेकरांवर पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षी जेम्स नेलर या क्वेकराने तिला उत्तर दिले. विल्यम प्रिन याने तर क्वेकर हे वेषांतर केलेले कॅथलिक हस्तक आहेत, असा आरोप छापला. याच प्रिनचे कान त्याच्या लेखनापायी राजाच्या राजवटीत कापले गेले होते! ज्याने लेखणीसाठी कान गमावले, त्यासही दुसऱ्याची लेखणी सहन होऊ नये, हा मनुष्यस्वभावच म्हणावा लागेल. १६५९ मध्ये फॉक्सने शंभराहून अधिक विरोधी पुस्तकांस एकाच जाड ग्रंथात उत्तरे दिली. पद्धत अशी, की आधी प्रतिपक्षाचे वाक्य द्यायचे आणि त्याखाली आपले उत्तर. भाषा दोन्हीकडे सौम्य होती असे मुळीच नाही. साप, लांडगे, खोटारडे अशी विशेषणे मुक्तहस्ताने उधळली जात. तरीही प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापुढे ठेवल्यावाचून त्याचे खंडन होत नाही, एवढे भान त्या कडाक्याच्या भांडणातही राहिले होते.

वादाचा एक विषय मराठी श्रोत्यांस विशेष रुचेल. त्या काळच्या इंग्रजीत एका माणसास उद्देशून 'दाऊ' आणि अनेकांस 'यू' असा मुळात भेद होता. परंतु मोठ्या माणसास एकटा असूनही 'यू' म्हणण्याचा प्रघात पडला होता. आपल्या तू आणि तुम्हीसारखेच हे. क्वेकर म्हणत, एक तो एकच. त्यास अनेकवचन लावणे हे असत्य आणि खुशामत होय. म्हणून ते न्यायाधीशासही 'दाऊ' म्हणत आणि त्याच्यापुढे टोपी काढीत नसत. या मताच्या पुष्ट्यर्थ १६६० मध्ये फॉक्स आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी एक अजब पुस्तक काढले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी अशा अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनांचे दाखले त्यात आहेत, आणि पुष्कळ पानांवर मुलांच्या मुळाक्षरांच्या फळीचा आकार छापला आहे. जणू विद्वानांस पुन्हा शाळेत बसविले. टॉमस एलवुड या तरुणाने वडिलांपुढे टोपी डोक्यावर ठेविली आणि त्यांस 'दाऊ' म्हटले, तेव्हा वडिलांनी त्यास मारले व त्याच्या टोप्या काढून घेतल्या. आपण मराठी माणसे विठ्ठलास आणि आईस 'तू' म्हणतो, पण साहेबास म्हणून पाहावे! स्वतः एकटे असून 'आम्ही, आम्ही' म्हणणाऱ्या प्रस्तुत वक्त्यास तर फॉक्सने व्यासपीठावर चढूच दिले नसते.

आता या पत्रकयुद्धातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहू.

पहिले १६५६ मधील. बेडफर्डचा भांडी सांधणारा कारागीर जॉन बनियन याने आपले पहिले पुस्तक क्वेकरांच्याच विरोधात लिहिले. याच बनियनचा रूपकग्रंथ पुढे जगभर गेला आणि १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने तो मराठीत आणला. बनियनचा आक्षेप असा, की अंतरीच्या प्रकाशाचे स्तोम माजवून क्वेकर जेरुसलेमात प्रत्यक्ष देह ठेवलेल्या ख्रिस्ताचा अव्हेर करतात. एडवर्ड बरो या तेवीस वर्षांच्या आसपासच्या तरुण क्वेकराने त्याच वर्षी उत्तर छापले. १६५७ मध्ये बनियनने प्रत्युत्तर दिले, बरोने पुन्हा लिहिले. दोघेही विद्यापीठाचे तोंड न पाहिलेले, दोघेही तापट. परंतु सारे युद्ध झाले ते कागदावर.

दुसरे प्रकरणही १६५६ चेच. जेम्स नेलर ऑक्टोबरमध्ये घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. अनुयायी पुढे स्तोत्रे गात चालले होते. ख्रिस्ताच्या जेरुसलेम-प्रवेशाचे ते अनुकरण होते. ख्रिस्त प्रत्येकाच्या अंतरात आहे याची ती खूण, असे नेलरचे म्हणणे. ही उघड ईश्वरनिंदा, असे पार्लमेंटचे. पार्लमेंटने स्वतःच न्यायासनावर बसून अनेक दिवस खल केला. देहदंडाची सूचना ९६ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळली गेली; परंतु नेलरला फटके मारण्यात आले, तप्त लोखंडाने त्याची जीभ भोसकण्यात आली आणि कपाळावर ईश्वरनिंदकाचे अक्षर डागण्यात आले. तो १६५९ मध्ये सुटला आणि १६६० मध्ये वारला. जिभेस भोक पाडले म्हणून त्या जिभेवरील प्रश्नाचे उत्तर मिळाले काय? तो प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

१६६० मध्ये राजसत्ता परत आली आणि कालचे प्रतिपक्षी एकाच कायद्याच्या वरवंट्याखाली सापडले. बनियन त्याच वर्षी परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल तुरुंगात गेला. बरो १६६३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगातच मरण पावला. पुढे १६७२ मध्ये जॉर्ज व्हाइटहेड या क्वेकराने राजाकडे खटपट करून आपल्या बंदिवान बांधवांसाठी माफीपत्र मिळविले. त्यात चारशे नव्वदच्या आसपास नावे होती. इतर पंथांच्या लोकांनी विचारले, आमची नावे घालता येतील काय? व्हाइटहेडने आडकाठी केली नाही. क्वेकरांच्या त्या माफीपत्रात जॉन बनियनचेही नाव आले. ज्याने आपल्या पंथाविरुद्ध दोन पुस्तके लिहिली, त्याचे नाव गाळा, असे कोणी म्हटले नाही. या सबंध इतिहासात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

क्वेकर निर्दोष होते असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. नेलर प्रकरणाने पोळल्यावर पंथ सावध झाला. १६७३ पासून लंडनमध्ये सोमवारी सकाळी भरणारी एक सभा बांधवांचे लेखन छापण्यापूर्वी तपासू लागली. खुद्द फॉक्सचे लेखनही तिथे अडले आणि तो रुष्ट झाला. शिस्त आली, पण पहिल्या पत्रकांतील धग ओसरली. नेलरचे संकलित लेखन प्रसिद्ध व्हावयास १७१६ साल उजाडले. ते संपादिलेही व्हाइटहेडनेच.

परंतु याच सभेने १६७३ मध्ये आणखी एक ठराव केला. आपल्या बांधवांच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती जपून ठेवाव्यात, आणि आपल्याविरुद्ध लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक. त्यातूनच लंडनमधील त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा उगम झाला. आपली स्तुती जपून ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. निंदेची प्रत क्रमांक घालून कपाटात ठेवणारी संस्था विरळा. उत्तर द्यावयाचे तर आधी प्रश्न जवळ हवा, एवढाच त्यामागील व्यवहार. परंतु त्या व्यवहारामुळेच आज दोन्ही बाजू वाचता येतात आणि निवाडा वाचकास करता येतो.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत मतभेद कोणत्या मंडळात झाले नसतील? त्यांचीही कागदपत्रे दप्तरात असू द्यावीत. पन्नास वर्षांनी जी पिढी हे दप्तर उघडील तिला आपले अभिनंदनाचे ठराव सापडतीलच. त्यांच्या शेजारी विरोधाचे एखादे पत्र सापडले, तर आपण खरोखर कसे होतो हे तिला कळेल.